फळीवरची महानंदा

परवा हुमनाबादच्या चौकात, ढाब्यांच्या रांगेसमोर, एक फ्लेक्स लागला. सगळ्यांत वर आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, हात जोडून. त्यांच्या खाली हेडमास्तर, हात जोडून. उजव्या बाजूला महानंदाचा मोठा भाऊ शिवराज, गळ्यात जाड साखळी, तोही हात जोडून. आणि सगळ्यांत खाली, कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी महानंदा. लाटेवर उभी, गुडघे वाकलेले, तोंडावर पाणी उडालेलं. खाली लिहिलं होतं, 'निर्ण्याची सुकन्या, शाळेचा अभिमान, समुद्रावर नाव कोरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

माझी बस समोरून निघून गेली तरी मी तिथंच. अभिमान म्हणे! त्या फ्लेक्सवर चार चेहरे, त्यातल्या तिघांनी चौथीला या मातीतून उपटून काढायला काय काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पानाच्या टपरीवरचा एक जण मला म्हणाला, "बाई, तुमच्याच शाळंतल्या न्हवं त्या? मोठं नाव केलं बघा." त्याचा काय दोष? पण घरी येऊन भाकरी थापताना परात दोनदा आपटली, आणि मग हे लिहायला बसले.

मी त्या शाळेत मराठी शिकवते. महानंदा आमच्याकडं पीटीची बाई म्हणून आली तेव्हा तिशीच्या आत होती. ठेंगणी, काळीसावळी, पोटऱ्या पैलवानासारख्या. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. घंटा उशिरा झाली की राग, मुलींनी मैदानावर बसकण मारली की राग, चहात साखर जास्त पडली की राग. हुमनाबादजवळच्या निर्णा गावातलं शेतकरी लिंगायत घर तिचं. घरात कानडी, बाहेर मराठी. साधं बोलणं मराठीत चालायचं, पण भांडण तापलं की ती कानडीवर जायची, आणि समोरच्याला कळत नसलं तरी आपलं काय झालंय ते त्याला नीट समजायचं. मला सुरेखाक्का म्हणायची. माझ्यावर ती सगळ्यांत जास्त ओरडायची, म्हणजे जीव लावायची.

आता आमच्या भागात पाणी म्हणजे बोअरचं, टाकीचं, फार तर धरणाचं. समुद्र गाठायचा तर बसमध्ये एक रात्र आणि वर अर्धा दिवस. अशा गावच्या मुलीला लाटांचं वेड लागलं कसं, तर पीटीच्या कोर्सला असताना कॉलेजची सहल उडुपीकडच्या किनाऱ्यावर गेली होती. तिथं कुणीतरी गंमत म्हणून सगळ्यांना फळीवर झोपवून लाटेत ढकललं. बाकीच्या मुली किंचाळून पडल्या. ही उभी राहिली. किती वेळ, तर तोंडातला घास गिळेपर्यंत. पण तेवढ्यात तिला जे काही दिसलं ते तिला पुन्हा बघायचं होतं, आणि दुसरं काही नको होतं. "अक्का, खालून कुणीतरी आपल्याला उचलायलंय, अन् आपण त्याला न्हाई म्हणायलो न्हाई, असं वाटलं," एवढंच ती एकदा म्हणाली. त्या दिवशी ती रागावलेली नव्हती, म्हणून लक्षात राहिलं.

समुद्र नाही म्हणून ती रडत बसली नाही. जे समुद्रात लागतं ते जमिनीवर तयार करायचं, हा तिचा हिशेब होता. सायकलची जुनी ट्यूब वर्गाच्या खिडकीच्या गजाला बांधून ती पालथी पडायची आणि दोन्ही हातांनी ट्यूब ओढत पाणी कापल्यासारखे हात मारायची. बोअरच्या पाइपचा एक तुकडा आडवा ठेवून त्यावर लाकडी पाट टाकायची आणि त्या डुगडुगत्या पाटावर उभी राहून मुलांची हजेरी घ्यायची. नाक दाबून, श्वास कोंडून फाटकापासून झेंड्याच्या खांबापर्यंत चालायची, कारण लाट अंगावर पडली की म्हणे खाली बराच वेळ श्वास धरावा लागतो. स्टाफरूममध्ये आम्ही खुर्चीत, ही एका पायावर. "पाय झोपू द्यायचं न्हाई," हे तिचं पालुपद. मुलांना तर ती गृहपाठ विचारावा तसं विचारायची, पाय जागे हायत का रे?

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जमिनीवर पालथं पडून एका झटक्यात उभं राहायचं. हात टेकले, अंग उचललं, डावा पाय पुढं, उभी. पुन्हा खाली. पुन्हा उभी. लाटेवर उठायला वेळ एवढाच मिळतो म्हणे.

हे ती पहिल्यांदा शाळेच्या व्हरांड्यात करायला लागली तेव्हा आमचे शिपाई मारुतीमामा पाण्याची घागर घेऊन येत होते. त्यांनी पाहिलं, पीटीच्या बाई पालथ्या पडल्यात आणि हात मारतायत. मामांनी घागर टाकली, पायातली चप्पल काढली आणि धावत जाऊन तिच्या नाकाला लावली. आमच्याकडं फिट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवतात, शहाणे असोत की अडाणी. मामांनी एका हातानं तिचं डोकं दाबलं, दुसऱ्या हातानं चप्पल, आणि ओरडायला लागले, लोखंड आणा, किल्ल्या आणा. सगळी शाळा गोळा झाली. महानंदा चपलेखालून जे काही कानडीत बोलली ते मी इथं लिहू शकत नाही. मामांना वाटलं, बाई वाताच्या भरात बडबडायल्यात. त्यांनी आणखी घट्ट दाबलं.

आम्ही हसून हसून बेजार झालो. मामाही नंतर हसले, तिनंही त्यांना चहा पाजला, आणि पुढं तेच तिच्या पाटाखालचा पाइप घरंगळू नये म्हणून दगड लावून द्यायचे. हसले नाहीत ते हेडमास्तर. त्यांनी तिला लेखी विचारलं, विद्यार्थ्यांसमोर शिक्षिकेनं जमिनीवर पालथं पडणं शोभतं का, याचा खुलासा करावा. पीटीच्या बाईला, जमिनीवर पडण्याबद्दल! हा माणूस आज फ्लेक्सवर हात जोडून उभा आहे. तिनं खुलासा एका ओळीत दिला होता, पडल्याशिवाय उठायला शिकवता येत नाही. तो कागद त्यांनी अध्यक्षांना दाखवला आणि तेव्हापासून तिच्या रजेच्या प्रत्येक अर्जावर माशी शिंकायला लागली.

घरी तिच्या बाजूनं एकच माणूस होता, तिचे वडील. सगळं निर्णा त्यांना अप्पा म्हणायचं. बोलणं कमी, ऐकणं जास्त. नांगरट झाली की काळ्या रानात डोक्याएवढी ढेकळं उठतात. ती फोडायला आणि रान सपाट करायला बैलांच्या मागं जाड बाभळीची फळी ओढतात. वजन पडावं म्हणून गडी त्या फळीवर उभा राहतो, हातात बैलांचा कासरा. फळी ढेकळांवरून उडते, डगमगते, वळणावर तिरकी होते आणि वरच्या माणसानं तोल सांभाळायचा. अप्पांनी हे काम जन्मभर केलं. गावात म्हणायचे, अप्पाच्या रानात ताट ठेवलं तर आमटी सांडायची नाही.

एका उन्हाळ्यात सुट्टीत महानंदा बांधावर उभी राहून हे बघत होती. तिनं अप्पांना थांबवलं आणि म्हणाली, उतरा, मी उभारते. मी त्या दिवशी काही निमित्तानं त्यांच्याकडं गेले होते. अप्पांनी कासरा तिच्या हातात दिला. बैल चालले आणि ही बया फळीवर गुडघे वाकवून उभी राहिली. पहिल्याच फेरीत दोनदा आपटली, गुडघा फुटला. पण टोकाला जाऊन वळून आली तेव्हा तिच्या तोंडावर मी जे पाहिलं ते शाळेत कधी पाहिलं नव्हतं. तिला आमच्या रानात समुद्र सापडला होता.

आणि गावाला निमित्त सापडलं. बाईनं औतावर पाय ठेवायचा नसतो. ठेवला तर रान रुसतं, पाऊस अडतो. चार म्हातारे देवळाच्या कट्ट्यावरून उठून अप्पांच्या दारात आले. त्यातला एक म्हणाला, बैल म्हणजे बसवण्णा, त्याच्या मागं फळीवर बाई उभारती, हे बरं नव्हं. महानंदा आतून बाहेर आली. हातात पीठ होतं.

"खुरपायला बाई चालती, वेचायला चालती, काढायला चालती. तवा रान न्हाई रुसत," ती म्हणाली. "बसवण्णानं बाई अन् गडी एक मानलं, त्याचंच नाव घ्यायलाव अन् बाई बाटवती म्हणायलाव? कामून? जीभ कशी उचलती?"

ते उठून गेले. शिवराज मात्र त्या रात्री जेवला नाही. त्याला तालुक्यात पुढं पुढं करायचं होतं, आणि बहिणीमुळं गावात खाली बघावं लागतंय, हे त्याचं दुःख. मला या असल्या दुःखांचा भयंकर राग येतो. बहिणीचा गुडघा फुटलेला ह्याला दिसला नाही, स्वतःची मान खाली गेलेली बरोबर दिसली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आठ दिवस किनाऱ्यावर जायची म्हणाली. घरचे म्हणाले, एकटी नाही. मग बरोबर मी. मला समुद्राचं काय, मी साडी सावरत वाळूवर छत्री धरून बसले. पहिल्या दिवशी महानंदा फळी घेऊन पाण्यात गेली आणि लाटेवर अशी झटक्यात उठली की किनाऱ्यावरची शिकलेली पोरं वळून बघायला लागली. आणि उठली तशी मागं पडली. पुन्हा उठली, पुन्हा मागं. दिवसभर हेच. उठायला कुणाहून कमी नाही, आणि उठलं की पाठीवर.

संध्याकाळी तिथल्या शिकवणाऱ्यानं तिला मोबाइलवर चित्रण दाखवलं. त्यात दिसलं, उभी राहिली की महानंदा अंग मागं टाकते आणि डावी मूठ पोटापाशी घट्ट आवळते. मुठीत काहीच नाही. तो विचारायला लागला, हे कुणी शिकवलं? आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. बैल पुढं ओढतात म्हणून फळीवरचा माणूस कासरा धरून मागं रेलतो. वर्षभर रानात तिनं तेच अंगात मुरवलं होतं. आता समोर बैल नव्हते, ओढ नव्हती, आणि ही रिकाम्या हवेला कासऱ्यासारखी धरून मागं पडत होती.

"बैलांनी शिकवलं," ती त्याला म्हणाली आणि माझ्याकडं वळून माझ्यावरच भडकली, की तू काय छत्री धरून बसलीस, तुला दिसलं न्हाई व्हय? मला काय दिसणार! पण तिचा राग मला कळला. एवढा घाम गाळून माणसानं एखादी गोष्ट शिकावी आणि तीच आडवी यावी. ती रात्रभर कुशी बदलत होती. उरलेल्या दिवसांत सुधारलं नाही. परतीच्या बसमध्ये हुमनाबाद आलं तसं ती म्हणाली, आता हात सोडून उभारायचं.

अप्पांना तिनं सगळं सांगितलं.

"समिंदरात कासरा नसतोय व्हय?" त्यांनी विचारलं. "मग कशाच्या जिवावर उभारतीस?"

"पायाच्या."

दुसऱ्या दिवसापासून अप्पा बैलांच्या पुढं चालायला लागले, कासरा त्यांच्या हातात, आणि महानंदा मागं फळीवर रिकाम्या हातांनी. त्या वयात तो माणूस ढेकळांतून उलटा चालायचा, कारण त्याला तिचे पाय बघायचे असायचे. मागं रेलली की तो नुसता हात वर करायचा. मी मोठमोठे शिबिरवाले पाहिलेत, शिट्ट्या फुंकणारे. अप्पांसारखं शिकवणं नंतर कुठं पाहिलं नाही.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. झालं. कट्ट्यावरून बोलणं सुरू झालं, शाळेत आलं, अध्यक्षांच्या बंगल्यात गेलं. पाऊस सगळ्या जिल्ह्यात लांबला होता, पण जाब द्यायचा तो निर्ण्यातल्या एका बाईनं. गावानं पावसासाठी पूजा घातली आणि जेवण ठेवलं. अप्पा दवाखान्याला कलबुर्गीला गेले होते तेवढ्यात शिवराजनं बैल बाजारात नेऊन विकले, म्हणाला आता ट्रॅक्टर घेऊ. आणि ती बाभळीची फळी, वडिलांच्या पायांनी गुळगुळीत झालेली, त्यानं कुऱ्हाडीनं फोडली आणि गावजेवणाच्या चुलीला जळण म्हणून दिली. सगळ्यांसमोर, म्हणजे गावाला दिसावं.

त्या जेवणाला मी गेले नाही. बोलावणं आलं होतं. आजही त्या भाताचा विचार आला की तोंड कडू होतं.

मला वाटलं महानंदा आता घर डोक्यावर घेईल. तिनं घेतलं नाही. शाळेत येऊन रजेचा अर्ज दिला, या वेळी लांबचा. हेडमास्तरांनी अध्यक्षांकडं बोट दाखवलं, अध्यक्ष म्हणाले, आपल्या संस्थेची बाई समुद्रावर अर्ध्या कपड्यांत, हे चालणार नाही. तिनं तिथंच टेबलावर राजीनामा लिहिला. किनाऱ्यावरच्या त्या शिकवणाऱ्यानं तिला काम देऊ केलं होतं, नव्या मुलांना पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर तयार करायचं. सकाळी ती वाळूवर शिकवायची, दुपारनंतर स्वतः पाण्यात. अप्पा तिला सोडायला आले होते. त्यांनी विचारलं, कवा येशील? ती म्हणाली, तुम्ही बोलवाल तवा, अप्पा.

अप्पांनी तिला कधी बोलावलं नाही. तिचं काम बिघडेल म्हणून. फोनवर मात्र एकच विचारायचे, मागं पडतीस का अजून?

पुढच्याच वर्षी किनाऱ्यावर बायकांची मोठी स्पर्धा होती. आदल्या संध्याकाळी तिचा मला फोन आला. आवाजात नेहमीचा राग, म्हणजे तयारी चांगली होती. सकाळी दिवस उजाडायच्या वेळी अप्पा गेले. झोपेतच गेले. शिवराजनं मला कळवलं नाही. मला मारुतीमामांकडून कळलं. मी निर्ण्याला पोचले तेव्हा दारात माणसं जमलेली, जंगम पुरोहित आलेले, अप्पांना लिंगायत रीतीनं विभूती लावून बसवलेलं. मी शिवराजला विचारलं, महानंदाला सांगितलं का?

"तिची आज स्पर्धा हाय की," तो म्हणाला. "कामून बिघडवायची? अन् तिच्यासाठी मातीला किती थांबायचं?"

हे तो शांतपणे म्हणाला, चांगुलपणा केल्यासारखा. ज्यानं तिची फळी जाळली त्याला आज तिच्या स्पर्धेची काळजी! तिला आवरून यायला फार तर दुसऱ्या दिवसाची दुपार झाली असती. बाप एक रात्र थांबला असता. मी त्याला भर दारात बोलायचं ते बोलले. दोन पाहुण्यांनी मला बाजूला घेतलं, बाई, ही वेळ हाय का भांडायची. मी घराच्या मागं जाऊन तिला फोन लावत राहिले. फोन लागायचा, कुणी उचलायचं नाही. ती पाण्यात होती. फोन कुठल्यातरी पिशवीत वाजत होता. मी लावत होते आणि दुपारी अप्पांना त्यांच्याच रानात माती दिली.

संध्याकाळी तिचाच फोन आला.

"अक्का, उभारले. शेवटपर्यंत उभारले, हात सोडून. अप्पाला आधी लावला, उचलेनात. तू जाऊन सांग, मागं पडले न्हाई म्हणावं."

मी ते कसं सांगितलं मला आठवत नाही. पलीकडं खूप वेळ नुसता समुद्राचा आवाज येत राहिला. मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हुमनाबादला उतरली. मी स्कूटी घेऊन थांबले होते. उन्हानं करपलेली, ओठ फुटलेले, पायात रबरी चप्पल. गळ्यात पदक-बिदक काही नव्हतं, हातात एक पिशवी. घरी चल म्हटलं तर म्हणाली, रानात ने. शिवराज आणि पाहुणे तिथंच होते. शिवराजनं पुढं होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत तेच सांगितलं, तुझी स्पर्धा बिघडू नये म्हणून.

तिनं त्याचा हात काढला. ती मातीकडं बघत होती. घाईत लोटलेली माती, ट्रॅक्टरच्या नांगरटीची, डोक्याएवढी ढेकळं तशीच वर टाकलेली.

"जलमभर ज्यानं ढेकळं फोडली," ती म्हणाली, "त्याच्यावर ढेकळं टाकून गेलाव?"

आवाज चढला नव्हता. मी तिला इतकी वर्षं रागावलेली पाहिली, पण तो राग काहीच नव्हता, हे मला त्या वेळी कळलं. ती गुडघ्यांवर बसली, एक ढेकूळ उचललं आणि दोन्ही हातांनी दाबून फोडलं. मग दुसरं. काळी माती वाळली की दगडासारखी होते, हात सोलतात. पाहुण्यांतला एक जण मदतीला वाकला, तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि तो मागं सरला. मी वाकले, तिनं मलाही हात लावू दिला नाही. एकेक ढेकूळ फोडून, माती तळहातानं पसरून, ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकत राहिली. माणसं एकेक करून निघून गेली.

ऊन उतरलं तेव्हा ती उठली. दोन्ही हात काळे, बोटांना रक्त. माती पिठासारखी मऊ झाली होती, आणि सपाट. शिवराज बांधावर होता, म्हणाला, घरी चल, पाणी तरी पी. ती त्याच्या शेजारून, न थांबता, गाडीरस्त्याला लागली.